मैत्रेयाचा प्रश्न आणि आपली नोंदवही
(चिकित्सक, परिचारक व औषधालयचालक यांच्यासाठी संशोधनपद्धती आणि प्राथमिक सांख्यिकी)

प्रास्ताविक

‘आधारसिद्ध चिकित्सा’ हा शब्द अलीकडे प्रत्येक परिसंवादात कानी पडतो. तो ऐकताच आपल्यापैकी अनेकांची अशी समजूत होते की, हे काम महाविद्यालयांचे व मोठ्या रुग्णालयांचे आहे. खेड्यातील चिकित्सकाने आपला अनुभव आणि शास्त्रवचन यांवर विसंबावे, एवढे पुरे. आमचीही अनेक वर्षे हीच समजूत होती. ती कशी दूर झाली आणि तिच्या जागी आम्ही कोणती साधी पद्धत स्वीकारली, हे वैद्यबंधुभगिनींपुढे मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पावसाळा सुरू झाला की धानोरा परिसरातून आमच्याकडे कामलेचे रुग्ण येऊ लागतात. या व्याधीत आपला हातखंडा आहे, असे आम्ही मानत असू. तसे बोलूनही दाखवत असू. एकदा असेच बोलणे चालू असता आमच्या चिकित्सालयातील परिचारिकेने विचारले, “जे पुन्हा आले नाहीत, ते कुठे धरले?” आम्ही उत्तर दिले की, बरे वाटले म्हणून आले नसतील. त्यावर त्यांनी एका गर्भिणीची आठवण करून दिली. आठव्या महिन्यात डोळे पिवळे झाले म्हणून ती आली होती. आठ दिवसांचे औषध घेऊन गेली, ती परत आली नाही. परिचारिका त्याच भागातल्या, गोंडी बोलणाऱ्या. आठवडी बाजारात त्या गावच्या बायका भेटल्या, तेव्हा त्यांना कळले होते की, ती दगावली. आमच्या मनातील हिशेबात मात्र ती बरी झालेल्यांत जमा होती.

दूषित पाण्यातून होणारी कामला बहुतांश रुग्णांत आपोआप ओसरते. गर्भिणीत मात्र, विशेषतः अखेरच्या महिन्यांत, तिचा एक प्रकार प्राणघातक ठरतो. ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती असे नाही. परंतु आमच्या ‘अनुभवा’ने ती आम्हांस शिकवली नव्हती, कारण आमचा अनुभव परत आलेल्यांचाच होता.

मैत्रेयाची शंका

ही अडचण आजची नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या, महाचतुष्पाद अध्यायात मैत्रेयाने हाच आक्षेप घेतला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चारही पाद उत्तम असूनही काही रुग्ण मरतात, आणि यांतले काहीच नसताना काही बरे होतात, मग औषध करणे आणि न करणे यांत अंतर ते काय? आत्रेयांनी हा आक्षेप उडवून लावला नाही. उपचार होऊनही जे मरतात, त्यांत व्याधीची असाध्यता असते. आणि जे आपोआप बरे होतात, त्यांनाही उपचाराने विशेष लाभ होतोच. पडलेला मनुष्य कष्टाने स्वतः उठू शकत असला, तरी दुसऱ्याने हात दिल्यास तो लवकर व विनासायास उठतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे.

उत्तर युक्तियुक्त आहे. परंतु हात दिल्याने नेमके किती जण उठले आणि न देताही किती उठले असते, हे मोजल्यावाचून एखाद्या विशिष्ट उपचाराविषयी मैत्रेयाचे समाधान होणार नाही. त्याच्या प्रश्नातच आधुनिक संशोधनपद्धतीचा गाभा आहे : उपचार झालेल्यांची तुलना उपचार न झालेल्यांशी करा. सुदैवाने अशी मोजणी कशी करावी, याचा जगन्मान्य पाठ आपल्याच जिल्ह्यात घातला गेला आहे.

गडचिरोलीचा पहिला पाठ : बालकांचा न्यूमोनिया

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे कार्य सुरू केले. संस्थेचे शोधग्राम हे केंद्र धानोरा तालुक्यात चातगावजवळ आहे. बालकांतील न्यूमोनियाविषयी त्यांनी केलेला क्षेत्रीय अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ५८ गावांत लोकशिक्षण केले गेले आणि निमवैद्यकीय कार्यकर्ते, गावचे आरोग्यसेवक व दाया यांच्याद्वारे रोगनिदान आणि प्रतिजैविक उपचार पोचवण्यात आला. ४४ गावे तुलनेसाठी ठेवली गेली.

उपचाराच्या गावांत न्यूमोनियाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के आढळले. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. हा दुसरा आकडा वाचकांनी उलट बाजूनेही वाचावा. जेथे ही व्यवस्था पोचली नव्हती, तेथेही शंभर आजारी बालकांपैकी सुमारे ८६ वाचली. घरगुती काढा, मांत्रिकाचा गंडा, कोणाची तरी गोळी किंवा काहीच नाही. जे काही झाले असेल त्यावर वाचली.

आता समजा, एखाद्या चिकित्सकाकडे एका हंगामात अशी २० बालके आली आणि त्याने निरुपयोगी औषध दिले. तरी त्यांतील सुमारे १७ बरी होतील. त्या १७ घरांतून त्याला दुवा मिळेल, आणि उरलेली तीन ‘फार उशिरा आणली’ म्हणून विसरली जातील. परिणामकारक उपचार करणाऱ्याकडे वीसच्या वीस वाचतील. १७ आणि २० यांतील भेद एकट्या वैद्याच्या मनाला जाणवत नाही. तो केवळ तुलनेने आणि मोजणीने दिसतो. मात्र त्या भेदात तीन मुले आहेत.

छेद कोणता ?

याच अभ्यासात आणखी एक जोडी दिली आहे : न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू उपचाराच्या गावांत दर हजारी ८.१ आणि तुलनेच्या गावांत १७.५. पहिली जोडी शेकड्यांत आणि दुसरी हजारांत, एवढाच हा फरक नव्हे. पहिल्या जोडीचा छेद ‘आजारी पडलेली बालके’ हा आहे. दुसरीचा छेद ‘गावांतील पाच वर्षांखालील सर्व बालके’ हा आहे. पहिली जोडी उपचाराचे सामर्थ्य सांगते. दुसरी सांगते की, ते सामर्थ्य गावाच्या कामी आले की नाही. औषध उत्तम असेल, पण ते निम्म्या घरांत पोचलेच नाही, तर पहिला आकडा सुंदर दिसेल आणि दुसरा ढळणार नाही.

एकूण बालमृत्यूंची तुलनाही तेथे आहे : दर हजारी २८.५ आणि ४०.७. हा फरक १२.२ चा, आणि त्यांतील ९.४ न्यूमोनियाच्या मृत्यूंतील फरकाने भरून निघतो. म्हणजे ‘न्यूमोनिया’चे मृत्यू दुसऱ्या नावाखाली नोंदवून आकडा कमी झालेला नाही, एकंदर मृत्यूच कमी झाले. कोणताही दावा वाचताना प्रथम विचारावे : अंश काय आणि छेद काय? ‘आमच्या कल्पाने ९० टक्के गुण’ या वाक्यात ९० कशापैकी, हे लिहिलेले नसेल, तर ते वाक्य अपूर्ण आहे.

मोजण्याचे साधन

न्यूमोनियाचे निदान श्वासाच्या गतीवरून करायचे होते. परंतु अनेक दायांना दहा-बारापलीकडे मोजता येत नव्हते. त्यासाठी मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधन तयार करण्यात आले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी आला, तर बालकाला न्यूमोनिया समजायचा. लहान व मोठ्या बालकांसाठी मण्यांच्या वेगळ्या ओळी.

यातील तत्त्व आपण घेण्यासारखे आहे. लक्षण असे ठरवावे की, दोन भिन्न व्यक्तींनी त्याच रुग्णाला पाहिले तर एकच नोंद व्हावी. ‘अग्नी सुधारला’ ही नोंद तशी नाही. ‘सकाळी भूक लागते, दोन भाकरी खातो, पूर्वी अर्धी’ ही नोंद तशी आहे. संधिशूल, शोथ, निद्रा, मलप्रवृत्ती ही सर्व लक्षणे थोड्या विचाराने अशा शब्दांत बसवता येतात आणि त्यायोगे शास्त्राची कोणतीही हानी होत नाही.

दुसरा पाठ : नवजात शिशूची घरी शुश्रूषा

दुसरा अभ्यास १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात आला. ३९ गावे उपचारासाठी आणि ४७ तुलनेसाठी. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षे केवळ नोंद केली गेली. नवा उपचार काहीही नाही. मूळ नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे एकीकडे ६२ व दुसरीकडे ५८, म्हणजे जवळपास सारखा निघाला. मग १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत जुजबी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी नवजाताची शुश्रूषा केली. या आरोग्यदूत श्वासावरोध, अपुऱ्या दिवसांचे व कमी वजनाचे मूल, शरीर थंड पडणे, स्तनपानातील अडचणी आणि जंतुदोष पाहत असत. तिसऱ्या वर्षी तेथील मृत्युदर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता.

हिशेब करून पाहू. ६२ वरून २५.५ ही सुमारे ५९ टक्के घट झाली. परंतु याच काळात रस्ते झाले असतील, पीक बरे आले असेल, लसीकरण वाढले असेल. या सर्वांचा परिणाम तुलनेच्या गावांतही दिसायला हवा. तेथे दर ५८ वरून ५९.६, म्हणजे जवळजवळ ३ टक्के वाढला. दोन्ही मिळून निव्वळ घट सुमारे ६२ टक्के. तुलनेच्या गावांत दर ३० वर आला असता, तर श्रेयाचा मोठा वाटा शुश्रूषेकडून काढून घ्यावा लागला असता. तुलनेचा गट हा असा निःपक्षपाती साक्षीदार आहे.

येथे एक चतुर शंका संभवते : जन्मतःच दगावलेले मूल ‘मृतजन्म’ म्हणून लिहिले, तर नवजात मृत्युदर आपोआप खाली येईल. म्हणून मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातील मृत्यू एकत्र धरून होणारा दरही काढला गेला. त्यातही ७१ टक्के निव्वळ घट आढळली. शिवाय दोन्ही क्षेत्रांतील जन्म-मृत्यूंची नोंद वेगळ्या कार्यकर्त्यांनी केली. उपचार करणाऱ्यानेच स्वतःचे यश मोजू नये, हा यातील नियम आहे.

यदृच्छा किती ?

जंतुदोष झालेल्या नवजातांत, उपचार सुरू होण्यापूर्वी १६३ रुग्णांपैकी १६.६ टक्के, म्हणजे २७ दगावले होते. आरोग्यदूतांच्या उपचारानंतर ७१ पैकी २.८ टक्के, म्हणजे २. जुनेच प्रमाण राहिले असते, तर ७१ मध्ये सुमारे १२ मृत्यू झाले असते. १२ ऐवजी २ हे केवळ नशिबाने घडेल काय? घडू शकेल, पण क्वचित. सांख्यिकी तेवढेच सांगते : उपचाराने काहीच फरक पडत नसता, तर निव्वळ यदृच्छेने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. हा आकडा ‘उपचार ९९ टक्के खरा’ असे सांगत नाही, आणि फरक मोठा की लहान हेही सांगत नाही. फरकाचा मोठेपणा वेगळा पाहावा लागतो. तो येथे असा मांडला गेला : १९९७-९८ मध्ये सुमारे १८ नवजातांची शुश्रूषा केली की एक मृत्यू टळला. ही भाषा रुग्णाच्या नातलगालाही कळते.

मर्यादाही सांगितली पाहिजे. या अभ्यासात कोणते गाव कोणत्या गटात जावे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते. म्हणूनच आरंभीच्या दोन वर्षांच्या नोंदीला एवढे महत्त्व आहे. पुढे बांगलादेशात सिल्हेट येथे चिठ्ठीपद्धतीने गट पाडून अशाच गृहभेटींची परीक्षा झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अखेरच्या सहा महिन्यांत नवजात मृत्यूंत ३४ टक्के घट आढळली. घट गडचिरोलीहून कमी, पण दिशा तीच. एका ठिकाणचे फळ दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातांनी पडताळले जाते, तेव्हा प्रमाण बळावते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी गृहभेटींची शिफारस केली आणि २०११ पासून आपल्या देशात ‘आशा’ कार्यकर्त्या बाळाच्या जन्मानंतर ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी घरी जातात.

परिचारक हा पाद

या दोन्ही अभ्यासांत जो पाद निर्णायक ठरला, तो परिचारकाचा. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात परिचारकाचे चार गुण सांगितले : शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. आम्ही अनेक वर्षे परिचारिकेस पुड्या बांधणारी आणि पंचकर्माची तयारी करणारी समजलो. वास्तविक रुग्णाशी अधिक काळ तीच असते, त्याची बोली तीच जाणते आणि तो वैद्यापुढे भिडेस्तव ‘बरं आहे’ म्हणतो, ते तिच्यापुढे म्हणत नाही. तेव्हा परिणामाची नोंद तिने करावी, आणि शक्य तेथे कोणते औषध दिले हे न पाहता करावी. वैद्याच्या इच्छेची छाया त्या नोंदीवर पडत नाही.

नोंदवहीची रीत

आमच्या चिकित्सालयात आता एका वेळी एकच व्याधी घेऊन पुढीलप्रमाणे नोंद होते.

१. त्या व्याधीचा येणारा प्रत्येक रुग्ण अनुक्रमांकासह लिहायचा. निवड करायची नाही.
२. औषध देण्यापूर्वीच ठरलेली तीन-चार लक्षणे मोजून लिहायची.
३. कल्प, मात्रा, अनुपान, औषधाचा निर्मिती क्रमांक, तसेच रुग्ण घेत असलेले अन्य औषध लिहायचे.
४. पुनर्भेटीचा दिवस ठरवायचा. तो आठवडी बाजाराचा असावा. तेंदूपत्ता आणि रोवणीच्या दिवसांत रुग्ण येणार नाही, हे गृहीत धरून गावच्या ‘आशा’कडून वा निरोपाने विचारणा करायची.
५. न आलेल्यांचा रकाना स्वतंत्र ठेवायचा. तो कोरा सोडायचा नाही.

या शेवटच्या रकान्याचे महत्त्व एका कल्पित उदाहरणाने पाहावे. समजा, कामलेचे ४० रुग्ण आले. २८ परत आले, त्यांतील २६ बरे. वैद्य म्हणेल : २८ पैकी २६, ९३ टक्के यश. परंतु न आलेले १२ सर्व बरे झाले असतील, तर प्रमाण ४० पैकी ३८, म्हणजे ९५ टक्के. एकही बरा झाला नसेल, तर ४० पैकी २६, म्हणजे ६५ टक्के. सत्य ६५ आणि ९५ यांच्या दरम्यान कोठेतरी आहे. एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

सरासरीविषयीही एक सूचना. समजा, पाच रुग्णांना भूक लागण्यास ६, ७, ७, ८ व ४२ दिवस लागले. सरासरी १४ दिवस येते. पण १४ दिवस तर कोणालाच लागले नाहीत. क्रमाने मांडून मधला आकडा घेतला, तर मध्यक ७ येतो, आणि तो बहुतेकांचे खरे चित्र देतो. मात्र ४२ दिवसांचा रुग्ण पुसून टाकू नये. निदान पुन्हा तपासण्याची गरज त्यालाच आहे.

औषधालयचालकांसाठी

‘इतकी वर्षे विकतो, एकही तक्रार नाही’ हे वाक्य औषधालयांत नेहमी ऐकू येते. त्यासाठी एक सोपा नियम लक्षात ठेवावा. पाहिलेल्या रुग्णांत एकही उपद्रव आढळला नसेल, तर तीनला रुग्णसंख्येने भागावे. खरे प्रमाण त्या मर्यादेपर्यंत असू शकते. ३० जणांत काही झाले नाही, तर उपद्रव दहा टक्क्यांपर्यंत संभवतो. ३०० जणांत झाला नाही, तर एक टक्क्यापर्यंत. आणि हाही नियम ज्यांची विचारपूस केली त्यांनाच लागू होतो. ज्यांना केवळ बाटली विकली, त्यांना नाही.

पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली जानुसंधिवातावर झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात मननीय आहे. ४४० रुग्ण, २४ आठवडे, चिठ्ठीपद्धतीने पाडलेले गट. कोणते औषध चालू आहे हे रुग्णास व वैद्यास दोघांनाही अज्ञात. गुडूची, शुंठी, आमलकी अशी नित्याची द्रव्ये असलेले कल्प वेदना व हालचाल यांबाबत ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. त्याच अभ्यासात काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित घटक वाढलेला आढळला आणि औषध थांबवल्यावर तो पूर्ववत झाला. त्या रुग्णांना कोणताही त्रास जाणवत नव्हता. तपासणी झाली नसती, तर ही बाब कळलीच नसती. पद्धतशीर परीक्षेने आपल्या कल्पांस मान्यता मिळते आणि सावधगिरीही कळते. एक घेऊन दुसरे नाकारता येणार नाही. विक्रीच्या पावतीवर निर्मिती क्रमांक लिहिणे आणि रुग्णाची तक्रार आल्यास ती वैद्यास व उत्पादकास लेखी कळवणे, एवढे तरी प्रत्येक औषधालयास शक्य आहे.

काही निर्बंध

नोंद ठेवणे म्हणजे रुग्णावर प्रयोग करणे नव्हे. रुग्णाची संमती घ्यावी, नाव गुप्त ठेवावे. तुलनेसाठी म्हणून कोणाचाही सिद्ध उपचार रोखून धरू नये. स्तनपान सोडलेले वा धाप लागलेले नवजात, कामला झालेली गर्भिणी, सर्पदंशाचा रुग्ण यांना नोंदवहीसाठी थांबवू नये; प्रथम जिल्हा रुग्णालयाकडे रवाना करावे, नोंद मागाहून करावी.

उपसंहार

आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही चार प्रमाणे चरकाचार्यांनी सांगितली आहेत. अनेक कारणांच्या योगाने घडणाऱ्या फलाचा विचार करणारी बुद्धी, ती युक्ती. तुलनेचा गट, योग्य छेद आणि यदृच्छेचा हिशेब ही त्या युक्तीचीच साधने आहेत, परकी नव्हेत. आपण सर्वांनी येत्या हंगामात एकच व्याधी निवडून, एक वही आणि एक परिचारक एवढ्या सामग्रीने आरंभ करावा, अशी आमची विनंती आहे.

आमच्या वहीत कामलेच्या पहिल्या पानावर आम्ही त्या गर्भिणीची नोंद मागाहून केली आहे. तिचा अनुक्रमांक १ आहे आणि परिणामाच्या रकान्यात परिचारिकेच्या अक्षरात ‘मृत्यू’ असे लिहिले आहे. पुढील सर्व टक्केवारी तिला धरून काढली जाते.